आधी फडकी बांधा

फळीमास्तरांच्या माडीवर अनवाणी फिरायलासुद्धा बंदी होती. चपला अंगणात राहायच्याच. पण जिना चढून आलेल्या माणसाने दोन्ही पावलांना जुन्या धोतराची फडकी बांधायची आणि मगच सागवानी तक्तपोशीवर, म्हणजे फळ्यांच्या जमिनीवर, पाय ठेवायचा. पोस्टमन आला तरी फडकी, भटजी आले तरी फडकी. "पायाला घाम असतो हो. तो लाकडाला सोसत नाही," मास्तर समजावत. त्यामुळे येणारा प्रत्येक जण नकळत त्यांची जमीन पुसून जाई, आणि वर चहाबद्दल त्यांचेच आभार मानी.

ऐंशीच्या दशकात माझी कोल्हापूरहून रत्नागिरीला बदली झाली, तेव्हा त्या माडीवरची मागची खोली मी भाड्याने घेतली. मास्तर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, पत्नी गेलेली, एकुलती मुलगी बेबी खेडला दिलेली. घरात ते, मी आणि सत्तावीस फळ्या. मला ते 'घाटावरचे' म्हणत. फळ्यांशी मात्र अधिक आदराने बोलत.

दर शनिवारी तक्तपोशीला उंडीच्या तेलाचा हात फिरे. मग नारळाच्या सोडणाने घासणं, मग कोरडं फडकं. त्या तेलाचा कडवट वास माझ्या सदऱ्यांत असा मुरला की ऑफिसात जेवायला माझ्या शेजारी कोणी बसेना. एकदा मी आडवं घासलं, तर मास्तर कळवळले. "अहो, रेषेरेषेने घासा! मांजराला शेपटीकडून कुरवाळता काय?"

आता पापाकडे येतो. श्रावणात बेबीच्या डोहाळजेवणाला मास्तर आठ दिवस खेडला गेले. ते परतण्याआधी त्यांना खूश करावं म्हणून मी तक्तपोशी धुतली. आमच्याकडे घाटावर शहाबादी फरशी. बादलीभर पाणी आणि फिनेल ओतल्याशिवाय स्वच्छता झाली असं आम्हांला वाटत नाही. मी तीन बादल्या ओतल्या. दुसऱ्या दिवशी मधली फळी पुरणपोळीसारखी टम्म फुगली. मी तिच्यावर माझी ट्रंक ठेवली. ट्रंक डुलू लागली.

मास्तर आले, ट्रंक सरकवून त्यांनी गुडघे टेकले. "हे कसं झालं हो?"

"पावसाळी हवा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. संशय घेतला असता तर बरं झालं असतं. उलट दोष त्यांनी स्वतःकडे घेतला. "मी आठ दिवस नव्हतो ना. शनिवार चुकला," असं म्हणत ते रोज त्या फळीपाशी बसू लागले. पुढे बेबीला मुलगी झाली. बारशाचं बोलावणं घेऊन जावई स्वतः आले. त्यांनी पायांना फडकी बांधली, चहा घेतला आणि नकार घेऊन गेले. "मी गेलो की फळी फुगते," एवढंच मास्तर म्हणाले. तिकडे बेबी रडत होती म्हणे.

बारशाच्या आदल्या दिवशी मला जेवण जाईना. मी मास्तरांपुढे उभा राहिलो. "मास्तर, हवा नव्हती. मी धुतली. तीन बादल्या."

"पाण्याने?"

"फिनेलही होतं."

"शिरा पडली तुमच्या तोंडावर!" मास्तर ओरडले. ते जिन्याच्या तोंडाशी, मी माडीच्या मध्यावर. हातातलं सोडण उगारून ते धावणार, तेवढ्यात स्वतःच्या उघड्या पावलांकडे त्यांचं लक्ष गेलं. "थांबा तिथेच! आधी फडकी बांधतो, मग मारतो."

ते पायरीवर बसले. डाव्या पायाची गाठ बसली. उजव्याची सुटली, पुन्हा बांधली, पुन्हा सुटली. मी जागचा हललो नाही. शेवटी ते तसेच बसून राहिले आणि हळूच म्हणाले, "म्हणजे माझ्या जाण्याने नव्हती फुगली?"

"नाही."

"मग उद्या पहिली एस.टी. किती वाजता?"

पहाटे मी त्यांना स्टँडवर सोडलं. खिडकीतून त्यांनी बजावलं, "पाण्याला हात लावाल तर याद राखा! दोन दिवसांत येतो."

ते महिना झाला तरी आले नाहीत. दर शनिवारी मी तेल लावत होतो, रेषेरेषेने. मग त्यांचं कार्ड आलं. नातीला हसू येतं, तिची नखं कापली, ती माझ्याच मांडीवर झोपते; दोन्ही बाजू गच्च भरलेल्या, आणि जमिनीबद्दल एक अक्षर नाही.

ते कार्ड मी माडीवर मोठ्याने वाचलं नाही. फळ्यांना उगाच वाईट वाटलं असतं.