पाय वाढला असन तुहा

सुधाकरभाऊ गेला असा शोभावहिनीचा फोन आला, तेव्हा मी अकोल्याला माझ्या स्वयंपाकघरात ज्वारीचं पीठ चाळत होते. खरं सांगते, माझा विश्वास बसला नाही. लोक म्हणतात तसा दुःखामुळे नाही, चक्क संशयामुळे. कारण या माझ्या मोठ्या भावाने नोकरीत असताना एकदा आपल्याला दवाखान्यात भरती केल्याची बातमी स्वतःच पसरवली होती, आणि अमरावतीच्या घरात पलंगावर मजेत पडून कोण कोण भेटायला धावतं ते बघत बसला होता. मी धापा टाकत पोहोचले तर म्हणतो कसा, "तू आली, चांगलं झालं. बाकीच्याईचं पाहून राहिलो." म्हणून आता वहिनी रडत होती तरी मी विचारलंच, "वहिनी, तो बाजूला बसून ऐकत तर नाही ना?" ती रडता रडताच म्हणाली, "नाई वो ताई. या खेपेस नाई."

त्याला आता महिना होऊन गेला. शेजारीपाजारी म्हणतात, फार सज्जन माणूस होता. होता ना, पण संशयी किती होता ते कोणी बोलत नाही, आणि ते गाळलं तर माझा भाऊ उरतच नाही. सरकारनेही त्याला नोकरी दिली ती वजनमापे तपासायच्या खात्यात, मग काय विचारता! वरूडला संत्र्यांचे काटे तपास, अचलपूरच्या बाजारात किराण्याचे तराजू तपास, आणि घरी आलं की आम्हाला तपास. शर्टाच्या खिशात मापाचा लोखंडी टेप कायम. शिंपी कापड चोरतो, दूधवाला माप चोरतो. पन्नाशीला टेकला तशी ही यादी फारच वाढत गेली. लग्नातली अंगठी बोटात रुतून बसली, तर म्हणे सोनाराने उजळताना सोनं काढून घेतलं. दातांमध्ये फटी पडल्या, तर म्हणे दातांच्या डॉक्टरने मुद्दाम घासल्या. एका राखीपौर्णिमेला मी बांधलेल्या राखीचा दोरा पुरेना, तेव्हा माझ्यावरच डाफरला, "राखीवाले दोरा आखूड करून राहिले, अन् तू डोळे मिटून पैसे देतेस." मीही त्याचीच बहीण. दुसऱ्या दिवशी जाऊन त्या राखीवालीशी भांडून आले.

या सगळ्यात माझ्या जिवाला लागलेली गोष्ट एकच, सलीमभाऊची. सलीमभाऊ आणि सुधाकरभाऊ अकोल्याला एका बाकावर शिकले. सायकलवर डबलसीट बाळापूरच्या किल्ल्यापर्यंत जायचे आणि घरी येऊन दोघंही मार खायचे. सलीमभाऊच्या वडिलांचं बुटांचं दुकान, मागच्या खोलीत बूट शिवायचे आणि पुढे विकायचे. आमचे बाबा आजारी पडले तेव्हा सुधाकरभाऊ नोकरीत अडकलेला, तर दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसायला सलीमभाऊ होता. भाऊबीजेला सुधाकरभाऊ माझ्याकडे यायचा, आधी सलीमभाऊकडून नव्या बुटांचा जोड घ्यायचा, मग दोघं मिळून माझ्याकडे जेवायचे आणि अंगणातल्या बाजेवर लोळत गप्पा छाटायचे. माझी भाऊबीज म्हणजे ती बाज.

मग बूट टोचायला लागले. नंबर तोच, साचा तोच, पण दरवर्षी सुधाकरभाऊची करंगळी चिमटायची. पहिल्यांदा तो नुसता कुरकुरला. नंतर टेप काढून गिऱ्हाइकांसमोर बुटांचे तळवे मोजायला लागला. सलीमभाऊने हसण्यावारी नेलं, एक नंबर मोठा दिला, तो पुढच्या दिवाळीला टोचला, आणखी मोठा दिला, तोही टोचला. आणि एका दिवाळीत भर दुकानात सुधाकरभाऊ म्हणाला, "सल्या, तू नंबर खोटा छापून राहिला. दोस्ताले लुबाडाले लागला?" सणाची गर्दी, बापाच्या हातचं दुकान... सलीमभाऊचं डोकं फिरलं. तो म्हणाला, "माह्या बुटात खोट नाई. पाय वाढला असन तुहा!" सगळं दुकान हसलं. सुधाकरभाऊ लालबुंद झाला. "पन्नाशीत कोणाचा पाय वाढते काय?" असं म्हणून जोड काखेत मारून निघाला, तो पुढे कितीतरी वर्षं त्या दुकानाची पायरी चढला नाही.

पुढे तो अमरावतीलाच बूट घ्यायला लागला. तेही टोचायचे. मग त्याने ठरवलं की सगळे बूटवाले आतून एक आहेत. जुना एकही जोड त्याने टाकला नाही, सगळे पोत्यात भरून दिवाणाखाली ठेवले. वहिनी ओरडायची, घरात वास येतो, तर हा म्हणायचा, पुरावा आहे, एक दिवस ग्राहक मंचात नेईन. भाऊबीजेला माझ्याकडे दोघं येत राहिले, पण वेगवेगळे. सलीमभाऊ संध्याकाळी फाटकाशी उभा राहून विचारायचा, "गेला का तो?" गेला म्हटलं की आत येऊन दोन घास खायचा. बाज मी उभी करून भिंतीला टेकवून ठेवली होती.

नंतर सुधाकरभाऊला साखर निघाली, बीपी निघाला. थंडीतही घामाने बनियन भिजायचं, आणि घोरणं असं की वहिनी दुसऱ्या खोलीत झोपायला लागली. गोळ्यांनी साखर हटेना. त्याचा संशय लॅबवर, दुसऱ्याच कोणाचं रक्त आपल्या नावावर टाकतात म्हणून. शेवटी वहिनीने आणि मी त्याला अमरावतीतल्याच एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि त्याचा हात हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला. जीभ पाहिली, जबडा पाहिला, अंगठी कधीपासून निघत नाही ते विचारलं, आणि म्हणाल्या, दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे फोटो आणा. झालं! "फोटो कशाले? मी काय फरार आहो?" आणि आणणार तरी कुठून, फोटोचा कोणी गैरवापर करेल म्हणून हा लग्नानंतर कधी कॅमेऱ्यासमोर उभाच राहिला नव्हता. तेव्हा वहिनी हळूच म्हणाली, "डॉक्टर, फोटो नाईत. बूट आहेत."

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या फरशीवर आम्ही ते पोतं रिकामं केलं. सुधाकरभाऊने आपल्या हाताने जोड ओळीने मांडले, जुन्यापासून नव्यापर्यंत, कारण पुरावा कसा मांडायचा ते त्याला ठाऊक. मांडता मांडता तोच थांबला. पहिला जोड आणि शेवटचा जोड शेजारी ठेवले तर मुलगा आणि बाप वाटावेत... तो खाली उकिडवा बसूनच म्हणाला, "म्हणजे पाय वाढला?"

डॉक्टरीणबाईंनी त्याला समजेल असं सांगितलं. नाकाच्या मुळामागे, मेंदूच्या तळाशी, हरभऱ्याच्या दाण्याएवढी एक ग्रंथी असते, पीयूष ग्रंथी. ती रक्तात हार्मोन सोडते, आणि गळ्यातली थायरॉईड, मूत्रपिंडावरच्या ग्रंथी, सगळ्या तिच्या हुकमाने कमी-जास्त चालतात. उंची वाढवणारं हार्मोनही तिचंच. लहानपणी ते उंची वाढवतं, पण मोठेपणी हाडांची टोकं बंद झालेली असतात, म्हणून जास्त झालं की हात, पाय, जबडा, नाक, जीभ असं सगळं जाड होत जातं, इतकं हळू की घरच्यांनाही दिसत नाही. साखर आणि घामही त्यानेच. सुधाकरभाऊने खात्यातला प्रश्न विचारला, "तिच्यावर तपासणी कोणाची?" त्या हसल्या. म्हणाल्या, असते ना. मेंदूतून तिला सोड-थांब असा निरोप येतो, आणि रक्तातलं प्रमाण पुरेसं झालं की शरीरही कळवतं, आता बस. पण तुमच्या ग्रंथीवर एक गाठ असावी, ती कोणाचंच ऐकत नाही. सुधाकरभाऊने शेवटचा जोड उचलून हातात तोलला. मग म्हणाला, "साऱ्या जिल्ह्याचे काटे तपासले मी."

म्हणून काय संशय गेला? छे. नागपूरला साखरेचं पाणी पाजून पुन्हा पुन्हा रक्त घेतलं. साखर पोटात गेली की ते हार्मोन खाली यायला हवं, याचं येत नव्हतं. तर हा म्हणतो, शरबत पाजून बिल वाढवतात. एमआरआयमध्ये गाठ दिसली तर फोटो दुसऱ्याचा. नाकातून ऑपरेशन करणार म्हटल्यावर तर त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "मेंदूत जायले नाकातून रस्ता असते काय? तू विचार बरं कोणाले." ऑपरेशन झालं, नीट झालं. मी डॉक्टरीणबाईंना चाचरत विचारलं, त्याचा हा संशयी स्वभावही त्या गाठीमुळेच का? त्या म्हणाल्या, मनावर परिणाम होतो थोडाफार, पण सगळा स्वभाव ग्रंथीवर ढकलू नका. मग मीही तो नाद सोडला. आता मात्र रोज सकाळी माझीच अंगठी बोटात फिरवून बघते. रक्त एकच ना.

ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी तो अकोल्याला आला आणि म्हणाला, चल. कुठे ते सांगितलं नाही, पण रस्ता मला कळत होता. दुकानात सलीमभाऊ गल्ल्यावर होता.  सुधाकरभाऊ माफी मागेल म्हणून मी वाट बघत होते, पण आमच्या घरात माफी मागायची रीत नाही. सुधाकरभाऊ बाकावर बसला, नेहमी खिशाकडे जाणारा हात मांडीखाली दाबून धरला आणि पाय पुढे केला. "तू सांगशीन तो नंबर दे." सलीमभाऊने एकदा पायाकडे बघून जोड काढला. माझ्या भावाने तो घालून पाहिला नाही. मोजला नाही. खोकंही उघडलं नाही. पैसे दिले आणि म्हणाला, "चाल, बहिणीकडे जेवाले." त्या दिवशी मी बाज आडवी टाकली, आणि स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले.

त्यानंतर तीन भाऊबीजा चांगल्या गेल्या. अंगठी निघायला लागली, घोरणं कमी झालं. पण इतकी वर्षं त्या हार्मोनने हृदयही जाड करून ठेवलं होतं, ते काही मागे फिरलं नाही. शेवटी त्यानेच दगा दिला.

सलीमभाऊ तिसऱ्या दिवशी एसटीने अमरावतीला आला. ओसरीवर बसला. दाराशी सुधाकरभाऊचे बूट, सलीमभाऊने काढून दिलेला तोच जोड, नेहमीच्या जागी होते, वहिनीने हलवले नव्हते. धंद्याची सवय, त्याने एक बूट उचलला, तळवा वाकवून पाहिला, आत हात घातला... आणि थांबला. बुटाच्या टोकातून त्याने कापसाचा बोळा बाहेर काढला. दाबून दाबून घट्ट झालेला, बोटांचे ठसे उमटलेला. दुसऱ्या बुटातही तसाच.

वहिनी म्हणाली, "ऑपरेशनानंतर पायाची सूज उतरली, तं ढिल्ले व्हायचे. मी म्हनलं, सलीमभाऊले सांगा, बदलून देतीन. तं मलेच दटावलं, खबरदार त्याले सांगशीन तं."

सलीमभाऊ बूट मांडीवर धरून बसला होता. "मीच एक नंबर मोठा देल्ला होता वो," तो म्हणाला. "पुन्हा टोचला तं हा पुन्हा रुसून जाईन, म्हणून." मग त्याने तो बोळा होता तसा परत आत बसवला, अंगठ्याने दाबला आणि जोड दाराशी ठेवला.

परवा मी वहिनीकडे गेले होते. बूट अजून तिथेच आहेत. त्याचे कपडे आवरताना शर्टाच्या खिशात टेप सापडला. तो घेऊन मी दाराशी गेले, बुटांपाशी वाकले, टेपचं टोक ओढलं, किती मोठे होते ते एकदाचं कळावं म्हणून... मग टेप मिटवून परत त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवून दिला.