भावोजींचं नाक

आमच्या शहरात पाहण्यासारखं काही नाही, म्हणून नगरपालिकेने पुतळ्यांचा नकाशा छापलाय. पाहुण्यांनी तो घेऊन चौकाचौकांत हिंडायचं आणि पुतळे शोधायचे. शोधायचंय काय डोंबलाचं, एक पाहिला की सगळे पाहिले. स्टेशनसमोरचा पुढारी, वाचनालयाच्या बागेतला कवी, कोर्टापुढचा सेनापती, सगळ्यांना एकच नाक, टोकाला फुगलेलं आणि जरा उजवीकडे कललेलं. सेनापतीच्या घोड्यालासुद्धा तेच. ते नाक आमच्या भावोजींचं आहे.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, शहराचे मानाचे शिल्पकार. त्यांच्या कारखान्यात मी साचे काढतो. मातीत चेहरा घडवताना त्यांना शेजारी भला मोठा आरसा लागतो. आरशात काम उलटं दिसलं की चुका कळतात म्हणे. कळत असतील, ज्याला काम बघायचंय त्याला. हे गृहस्थ स्वतःलाच बघत बसतात आणि हात मातीवर चालू. ताई एकदा म्हणाली, "अहो, कवी तुमच्यासारखा दिसतोय." तर हे खूश. "थोर माणसं एकमेकांसारखी दिसतातच," म्हणाले. असल्या माणसापुढे डोकं आपटून काय उपयोग?

गेल्या वर्षी, साथीत वॉर्डातच गेलेल्या एका नर्सचा पुतळा करायचं ठरलं. पुतळा समितीची अट होती की मातीतला चेहरा तिच्या आईला पटल्याशिवाय ओतकाम करायचं नाही. आई शिवणकाम करणारी. फोटो द्यायला आली तेव्हा मला म्हणाली, "दादा, शेवटी आम्हाला तिचं तोंडसुद्धा बघू दिलं नाही. परस्पर नेली. आता इथे तरी बघेन." मी भावोजींना हात जोडून सांगितलं, या वेळी तेवढा आरसा झाका. ते म्हणाले, "तू साचे काढ. मला कला शिकवू नकोस."

ती बघायला आली त्या दिवशी भावोजींनी मातीवरचं ओलं फडकं जादूगाराच्या थाटात ओढलं. बाईने मातीकडे पाहिलं, मग भावोजींच्या तोंडाकडे, परत मातीकडे. मला मान वर करवेना.

"ही माझी नाही," ती म्हणाली.

"बाई, फोटोत वरवरचं दिसतं. मी तिचा आत्मा पकडलाय."

"आत्म्याला तुमचं नाक कशाला?"

यावर भावोजी तिला कला समजावत बसले. पुन्हा चेहरा करायला काही ते तयार होईनात, अनावरणाची तारीख जवळ आली होती ना. बाईने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. फोटो पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "मग तोंडावर मास्क बांधा. डोळ्यांखालपासून हनुवटीपर्यंत. कामावर तशीच असायची." भावोजींना ते लगेच पटलं. नाक पुन्हा घडवण्याचे कष्टच वाचले.

अनावरणाला हे माइकवर म्हणतात, "मास्कचं हे प्रतीक मला एका पहाटे सुचलं." टाळ्यांचा कडकडाट. आमची ताईसुद्धा वाजवतेय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारी बसलेल्या नर्सच्या आईला मी विचारलं, "उठून सांगू का सगळ्यांना?"

"कशाला? बोलू दे त्याला," ती म्हणाली. "पुतळ्यावरचं त्याचं तोंड झाकलंय, तेवढं पुरे. माझ्या पोरीचं बघायचं राहिलं ते राहिलंच."