काळ्या दगडाचं पीठ

कुरुंद्यात माणूस गेलं की आधी खांदेकरी गोळा करायचे आणि मग मिराबाईला निरोप धाडायचा, अशी रीतच पडली होती. प्रेत उचललं, घर सारवून झालं, की जिथं जीव गेला त्या जागेवर ती तांदळाचं पीठ अंथरायची, कडेला पणती ठेवायची आणि वरून टोपलं पालथं घालायची. सकाळी टोपलं उचलायचं. पिठावर ज्याचं पाऊल उमटलेलं दिसेल त्याच्या जन्माला माणूस गेलं, असं समजायचं. ही रीत गावोगाव आहे. पण मिराबाईसारखं पीठ अंथरणारं पंचक्रोशीत दुसरं कुणी नव्हतं, हे तिच्याशी उभा दावा मांडलेल्या बायकासुद्धा कबूल करत.

पिठाला ती हात लावतच नसे. पातळ फडक्यात पीठ घ्यायचं, फडकं उंच धरायचं आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं त्याच्यावर टिचक्या मारत राहायचं. टिचकीगणिक गेलेल्या माणसाचं नाव. पीठ धुक्यासारखं उतरायचं आणि असं बसायचं की माशी चालून गेली तरी माग दिसावा. काय उमटलं ते सांगताना मात्र ती फारशी काटेकोर नसायची. जन्मभर सुनांना छळून गेलेली सासू असली तरी त्याच सुनांना ती ‘गाईचा खूर हाय’ म्हणून सांगायची. तिचं सगळं खरं मानलं असतं तर गावाला गायरान पुरलं नसतं.

नियम तिचा एकच कडक होता. जित्या माणसाचं नाव घेऊन पीठ अंथरायचं नाही. अंथरलं तर त्याचा जीव तिकडं ओढला जातो.

हा नियम ती जिवापाड जपायची, त्याला घरातच कारण होतं. तिचा नवरा ग्यानबा लढाई पेटल्यावर लामावर, म्हणजे फौजेबरोबर आघाडीवर, गेला होता. बंदूक धरायला नव्हे, ओझी वाहायला. बरमाच्या वाटेवर असल्याची खबर आली आणि मग सगळं गप्प झालं. लढाई संपली, वसमतकडचे गेलेले लोक परतले, कुणी हात गमावून, कुणी नुसतीच दाढी वाढवून. ग्यानबा आला नाही, आणि तो गेल्याचंही कुणी सांगेना. मिराबाई कपाळभर कुंकू लावत राहिली.

दीर तातेराव काही वाईट माणूस नव्हता. भावाच्या नावानं कुणी पाणी सोडलं नाही, तो कुठंतरी अडकून उभा असेल, या विचारानं त्याला घास गोड लागत नव्हता.

“वैनी, पळसाच्या पानायचा पुतळा करू, अग्नी देऊ. दादा तरी सुटंल,” तो म्हणायचा.

“बारा वर्सं वाट बघायची असती, भावजी.”

“तवर ते काहून अडकून राहावं?”

“गेलेलं माणूस अडकतंय. ते गेलेच न्हाईत.”

इथं बोलणं थांबायचं. पण बाहेर बायकांचं बोलणं थांबत नव्हतं. मिराबाई सवाष्णीत धरायची की विधवेत, हे त्यांना ठरवता येईना, आणि ठरत नाही ते माणूस दाराबाहेर बरं, असा जगाचा न्याय.

अशात तिला उकंडराव मास्तरांचं काम मिळालं. मास्तर हिंगोलीच्या शाळेतून निवृत्त होऊन मळ्यात राहायला आले होते. आधीची भावंडं जगेनात म्हणून आईनं त्यांना जन्मताच उकिरड्यावर ठेवून उचललं, म्हणून उकंडराव. ‘यमानं मला कचऱ्यात धरलंय, मला सवड भरपूर आहे,’ असं ते म्हणत. हिंगोलीची छावणी उठली तेव्हा गोऱ्या साहेबाच्या बंगल्याच्या हर्रासात त्यांच्या वडिलांनी एक पितळी दुर्बीण घेतली होती. ती मास्तरांकडं आली आणि तिच्याबरोबर आभाळ बघायचा नादही आला.

मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या रानात दगडांचा एक तांडा फिरत असतो. त्यांना लघुग्रह म्हणतात. मोठ्यातली मोठी दुर्बीण लावली तरी तिथली जमीन दिसत नाही, नुसता ठिपका दिसतो. पण ठिपक्याच्या उजेडावरून जमीन ओळखता येते, असं मास्तरांनी एका मासिकात वाचलं आणि त्यांची झोप उडाली. ओल्या फरशीवरून किंवा गुळगुळीत खडकावरून परतलेला उजेड एका अंगाला झुकतो. पुस्तकात त्याला ध्रुवीभूत प्रकाश म्हणतात. भुसभुशीत धुळीवरून परतलेला उजेड विस्कटतो, तो तितका झुकत नाही. आपल्या डोळ्याला हा फरक कळत नाही. मास्तरांच्या विहिरीच्या खडकातून निघालेल्या एका काचेसारख्या गारेला तो कळायचा. तिच्यातून पाहिलं की एका वस्तूच्या दोन दिसत. उजेड झुकलेला असला तर गार फिरवताना त्यातली एक मंद व्हायची आणि दुसरी उजळायची.

चंद्रावर हे मास्तरांना थोडंफार जमलं. लघुग्रहाच्या ठिपक्यापुढं त्यांच्या दुर्बिणीनं हात टेकले. मग त्यांनी उलट्या बाजूनं सुरुवात केली. तिथली माती इथंच करायची. विहिरीचा काळा दगड खलबत्त्यात कुटायचा, वस्त्रगाळ करून परातीत अंथरायचा, त्यावर तिरपं ऊन सोडायचं आणि गारेतून बघायचं. कुठली धूळ कसा उजेड परतवते हे कळलं, की पुढंमागं ज्याच्याकडं मोठी दुर्बीण असेल त्याच्या कामी येईल. अडचण एवढीच होती की मास्तरांनी अंथरलेली धूळ नांगरटीसारखी दिसायची. म्हणून मिराबाई. गाव म्हणालं, मास्तर आता आभाळाचं दहावं घालून राहिले.

काम चालायचं हळद ठेवायच्या बिनखिडकीच्या खोलीत, भर दुपारी. दार लावलं की आत मिट्ट काळोख. दाराच्या एका भोकातून आरशानं वळवलेलं ऊन आत यायचं आणि उंच तिवईवरच्या परातीवर पडायचं. पीठ आदल्या दिवशी अंथरून खोलीला कुलूप घालायचं, म्हणजे रात्रभरात ते नीट बसायचं.

“तिथं वारं न्हाई का, मास्तर?” तिनं एकदा विचारलं.

“वारं नाही, पाणी नाही. धुळीत एकदा पाऊल उमटलं तर लाख वर्षं तसंच राहील.”

“कुनाचं?”

“कुणाचंच नाही. तिथं कुणी नाहीच.”

मिराबाईला ते पटलं नाही. जिथं पाऊल इतकं टिकतं तिथं ठेवणारं कुणी नसेल, हे तिच्या मनाला खरं वाटेना.

पहिल्या पराती बिघडल्या. टिचकीबरोबर नाव घ्यायची हाताला सवय. तोंड गप्प ठेवलं की हात अडखळायचा आणि धुळीत गुठळ्या पडायच्या. मग तिनं भाज्यांची नावं घ्यायला सुरुवात केली. वांगं, दोडका, कारलं, घोसाळं. त्यावर धूळ बरी बसू लागली. मास्तर दाराबाहेर बसून हसायचे.

संक्रांतीचं हळदीकुंकू झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी हे घडलं. हळदीकुंकवाला सगळ्याजणी ओळीनं नाव घेत होत्या. मिराबाईनं आपला उखाणा मनात जुळवून ठेवला होता, लग्नातलाच. तिची पाळी आली तेव्हा यजमानीण करंडा घेऊन तिच्यापुढून सरकली आणि पलीकडच्या बाईपुढं थांबली. मिराबाई वाण न घेता उठून आली. तिला रडूही आलं नाही. नुसता तो उखाणा घशात अडकून राहिला.

दुसऱ्या दिवशी मळ्यात फडकं उंच धरलं आणि भाज्या सुचेनात. टिचकी पडली तसा तोच बाहेर आला.

“हळदीच्या वाफ्याला पान्याचा पाट, ग्यानबाचं नाव घेते, सोडा माझी वाट.”

एकदा आला तसा पुन्हा पुन्हा आला. वर्षांनुवर्षं न घेतलेलं नाव तोंडात गोड लागत होतं. धूळ अशी उतरली की तिनं स्वतःसुद्धा तसं अंथरण कधी पाहिलं नव्हतं. परात पूर्ण भरली तेव्हा कुठं तिला उमगलं की आपण काय केलं. तो उखाणा होता, उखाणा जित्या नवऱ्याचाच घेतात, असं तिनं मनाला समजावलं. मन काही ऐकेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तरांनी गार डोळ्याला लावली, उपरण्यानं पुसली आणि पुन्हा लावली.

“मिराबाई, काल परातीला कुणाचा हात लागला का?”

“न्हाई. कुलूप तुमीच घातलं.”

“नुसतं बघा आधी.”

तिनं जवळ जाऊन पाहिलं. धूळ जशीच्या तशी होती.

“आता हिच्यातून बघा.”

गारेतून दोन पराती दिसल्या. मास्तरांनी तिचा हात धरून गार हळूहळू फिरवायला लावली. डावीकडची परात मंदावली, तिच्यावर काही नव्हतं. उजवीकडची उजळली आणि तिच्यात एक पाऊल वर आलं. पुऱ्या बाप्याचं डावं पाऊल. टाच दाराकडं, बोटं आत. करंगळीच्या जागी धूळ सपाट होती.

ग्यानबाच्या डाव्या पायाची करंगळी बैलगाडीच्या चाकाखाली गेली होती, लग्नाच्या आधीच.

मिराबाई खाली बसली. मास्तर म्हणाले, घूस असेल, मांजर असेल. पण तिवई त्यांच्या छातीला लागत होती, आणि घुशीला इतका लांब तळवा नसतो हे त्यांनाही ठाऊक होतं.

“धूळ दाबली गेलीय, गार एवढंच सांगते,” ते शेवटी म्हणाले. “कुणी दाबली ते सांगत नाही.”

“मला सांगितलं,” मिराबाई म्हणाली आणि तिनं उखाण्याचं सगळं सांगितलं.

मास्तर घाबरले होते, पण त्यांच्यातला शोधक जागा झाला तो झालाच. ही धूळ चाळून घेऊ, पुन्हा अंथरू, एकदा नाव घेऊन आणि एकदा न घेता, म्हणजे खरंखोटं होईल, असं ते अजिजीनं म्हणाले.

“कालचं चुकून झालं, मास्तर. आता केलं तर ते मी केलं असं व्हईल. परातीला हात लावू नका.”

मास्तरांनी लावला नाही. हैदराबादेतल्या एका मित्राला त्यांनी धुळीच्या उजेडाबद्दल जे जे कळवलं, त्यात या परातीचं नाव काढलं नाही.

तेव्हापासून मिराबाई रोज दुपारी त्या खोलीत जाऊन बसू लागली. घरी कुणाला बोलली नाही. तातेराव पुतळ्याचा विषय काढायचा, तेव्हा पूर्वीपेक्षा चढ्या आवाजात त्याला बारा वर्षं ऐकवायची. नवरा गेला की आला, हे तिनं स्वतःला विचारलंच नाही. गारेतून पाऊल दिसायचं, तेही एकाच परातीत, आणि तिला तेवढं पुरायचं. ती त्याला तांबड्या बैलाचं सांगायची, चुलतीच्या भांडणाचं सांगायची. लाजायचीसुद्धा. मास्तर बाहेर अंगणात ऐकत बसायचे आणि उन्हातही उपरणं अंगाभोवती ओढून घ्यायचे.

मग एका दुपारी पाऊल बदललेलं दिसलं. एकावर एक अशी कितीतरी पावलं, डावं, उजवं, पुन्हा डावं, त्याच जागी धूळ तुडवून काढलेली. मिराबाईनं जन्मभर दुसऱ्यांच्या घरी पिठावरच्या खुणा वाचल्या होत्या, खऱ्या आणि खोट्या. ही खूण वाचायला तिला वेळ लागला नाही. पाहुण्याला कुणी बस म्हणालं नाही की तो असाच दाराशी उभा राहून पाय बदलत राहतो.

गेलेलं माणूस नव्या जन्माचं पाऊल ठेवतं. हा आपला जुनाच, चार बोटांचा पाय घेऊन आला होता. म्हणजे मेल्यावरही तो अजून कुठल्याच जन्माला गेलेला नव्हता. तातेराव म्हणत होता तसा उभा होता, आणि त्याला कुणी धरून ठेवलंय हे तिला कळलं. तिनं कपाळाला हात लावला. बोटाला कुंकू लागलं. तिनं तिवईचा पाय घट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी ती ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. परातीशेजारी ताट मांडलं, पाणी फिरवलं.

“आलाव, तर जेवून जा,” ती म्हणाली. “लई वाट चाललाव.”

ताट तसंच ठेवून तिनं मास्तरांना कुलूप घालायला सांगितलं. दुसऱ्या दुपारी भाकरी जशीच्या तशी होती, तिला मुंगीसुद्धा लागली नव्हती. मास्तरांनी गारेतून पाहिलं आणि गार तिच्या हातात दिली. परातीतली तुडवलेली धूळ सपाट झाली होती. तिच्यावर एकच पाऊल होतं. टाच आत आणि चार बोटं दाराकडं.

मिराबाई मळ्यातून घरी आली. तातेराव ओसरीत दोरासाठी वाख वळत बसला होता. पदराच्या टोकानं तिनं कपाळ पुसलं, हळू, पूर्ण पुसलं जाईपर्यंत. तातेरावच्या हातातला वाख गळून पडला.

“भावजी, पळसाची पानं आना,” ती म्हणाली. “आन् पीठ दुसऱ्या कुनाला अंथरायला सांगा. माझ्या तोंडून त्यांचं नाव निघलं, तर ते पुन्यांदा मागं वळतील.”