लिहिता-वाचता येणारा अध्यक्ष

कुणी "मी माझ्या मनाचा कौल मानला" असं म्हटलं की आजही माझं डोकं फिरतं. मनाचा कौल म्हणे! आमच्या वेलचेरीच्या चौघांना तो कौल बरोब्बर सभेच्या दिवशी सकाळी, मैलापूरच्या गाडीत बसल्यावर मिळाला.

त्या रविवारी मैलापुरात आमच्या मराठी मंडळाची वार्षिक सभा होती. शहराच्या प्रत्येक भागातल्या सभासदांनी पाच प्रतिनिधी निवडायचे आणि त्या प्रतिनिधींनी सभेत अध्यक्ष निवडायचा, अशी पद्धत. त्या वर्षी निवडायचं असं काही उरलंच नव्हतं. सगळ्या भागांनी मामींचं नाव दिलेलं. आम्ही वेलचेरीच्या पाच जणांनी तर तसं लिहून खाली सह्या केल्या होत्या.

मामी म्हणजे तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातल्या, जन्म गेला मैलापुरात. कित्येक वर्षं मंडळाच्या चिटणीस. अध्यक्ष यायचे, हार घालून घ्यायचे आणि जायचे. सतरंज्या मामी घालायच्या. मी सोलापूर सोडून इकडे तमिळ मुलखात सिरुसेरीच्या कंपनीत आले तेव्हा पहिल्याच महिन्यात मला कांजिण्या आल्या. घरमालकीण दारातूनच पळाली. मामी स्वतः रिक्षा घेऊन आल्या आणि मला घरी घेऊन गेल्या. मी उंबऱ्यात अडखळले, तर तमिळ हेल काढून म्हणाल्या, "ये मा, ये. घर तुमचंच." बोलावताना 'ये' आणि घर देताना 'तुमचं', असं त्यांचं मराठी. पंधरा दिवस ठेवून घेतलं. सख्खी मावशी नाही हो ठेवत!

तर गाडीत आमच्यातला पुण्याचा इंजिनीअर, मोटारींच्या कारखान्यातला, म्हणाला, "मामी चांगल्या आहेत गं. पण अध्यक्ष? त्यांचं मराठी ऐकून पाहुणे हसतात."

"मग सही कशाला केलीस?"

"तेव्हा केली. आता मनाला पटत नाही."

लगेच बाकीच्या तिघांच्याही मनाला पटेनासं झालं. एकाला शिंक आली की सगळ्यांना सर्दी! मग त्यानं खिशातून मंडळाच्या घटनेची छापील पुस्तिका काढली आणि सहाव्या कलमावर बोट ठेवलं. अध्यक्षाला मराठी लिहिता-वाचता आलं पाहिजे. "मामींना येतं का?" त्यानं मलाच विचारलं, हसत हसत.

मी खिडकीबाहेर पाहायला लागले. कारण ही गोष्ट त्याला कळली होती ती माझ्याच तोंडून. मामींच्या घरात बोलणं मराठी, पण शाळा तमिळ. त्यामुळे मराठी लिहायच्या त्या तमिळ अक्षरांत. मला त्यांनी एकदा आमटी लिहून दिली होती. बसच्या पाट्या वाचून वाचून मला तमिळ अक्षरं लागायला लागली होती, तेवढ्यावर मी ती वाचायचे. तमिळमध्ये क, ख, ग, घ सगळ्यांना एकच अक्षर. 'गूळ घाला' हे 'कूळ काला' असं दिसायचं. तो कागद मी या चौघांना दाखवला होता आणि आम्ही पोट धरधरून हसलो होतो. उचलली जीभ, लावली टाळ्याला! माझीच जीभ.

सभेत तो उठला आणि हरकत घेतली. मावळते अध्यक्ष म्हणजे कुणाशी वाईटपणा नको म्हणणारे गृहस्थ. चष्मा पुसत म्हणाले, "नियम तर आहे बुवा." मग कुणीतरी बालवर्गाचा फळा पुढे ओढला आणि मामींच्या हातात खडू दिला. पासष्टीच्या बाईच्या हातात खडू! मला त्या क्षणी एकेकाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

मामींनी चष्मा नीट केला, पदर खोचला आणि दोन शब्द लिहिले. तमिळ अक्षरांत.

खसखस पिकली. "हे मराठी?" पुणेकर म्हणाला.

"मराठीच आहे! मी वाचते!" म्हणत मी पुढे गेले आणि घाईघाईत मोठ्यानं वाचलं, "कर तुमचंच."

"कर? कसला कर? टॅक्स?" हॉल हसून हसून लोळायचा राहिला. मी पुन्हा फळ्याकडे पाहिलं आणि माझ्या डोळ्यांत खळ्ळकन पाणी आलं. "कर नाही, घर! घर तुमचंच!" मी ओरडले, पण त्या कल्लोळात ऐकतंय कोण. मावळत्या अध्यक्षांनी मामींचं नाव बाद केलं. मी सहीचा कागद नाचवला, तर म्हणाले, उमेदवारच नाही तर सहीचं काय घेऊन बसलीस. दुसरं नाव पुणेकरानं आधीच देऊन ठेवलेलं. स्वतःचं. टाळ्या झाल्या आणि तो बिनविरोध अध्यक्ष झाला.

मामींनी फळा पुसला, हात झटकले. "सरी," म्हणजे 'बरं', म्हणाल्या, "जेवण निवतंय, बसा." आणि ते चौघेही बसले हो! मामींनी पहाटे उठून केलेला भात दोनदा मागून घेतला. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे म्हणतात ते मी पंगतीत समोर बसलेले पाहिले. मी पान तसंच ठेवून उठले. मामींच्या पाया पडायला वाकले, तर म्हणाल्या, "तू बरोबर वाचलंस की. दुसऱ्यांदा."

पंधरा दिवसांनी नव्या अध्यक्षांचा मला फोन. आवाज एकदम लोण्यासारखा. मामींनी मंडळाची सगळी जुनी दप्तरं रीतसर त्याच्या घरी पोचवली होती आणि त्याला त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं. "तुला येतं ना? जरा वाचून दे ना गं."

मी गेले. टेबलावर वह्यांची चळत. इतक्या वर्षांची इतिवृत्तं मामी सभेत खणखणीत वाचून दाखवायच्या, वहीत डोकावायची गरज कुणाला पडली होती? सगळ्यात खालची वही काढली. पहिल्या पानापासून घटना होती, मूळची, मामींच्या वळणदार तमिळ अक्षरांत. त्याच्या खिशातली छापील पुस्तिका आमच्याच पोरांनी मामींना सांगायला बसवून टाइप केलेली.

मी पानं उलटत सहावं कलम शोधलं. अध्यक्षाला मराठी लिहिता-वाचता आलं पाहिजे. त्यांच्याच हातचं. ते मी त्याला वाचून दाखवलं नाही. वही त्याच्यासमोर सरकवली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं, त्यानं गाडीत ठेवलं होतं तस्संच.

"वाच," म्हटलं. "अध्यक्ष तू आहेस."