कापसाचा बर्फ

आमची पलटण काश्मीरमध्ये युद्धबंदी रेषेवर होती, तेव्हा चांदा जिल्हा अजून मध्य प्रदेशात होता आणि गडचिरोली त्याच जिल्ह्यात मोडत होती. मी नाईक होतो. माझं गाव वरोऱ्याजवळ. सेक्शनमध्ये आमच्या जिल्ह्याचा आणखी एकच जवान होता, शिपाई डोमा. मार्कंड्याच्या खालच्या अंगाला, वैनगंगेकाठी मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या घरातला.

आमचं पिकेट, म्हणजे पुढची चौकी, उंच धारेवर होतं. खाली कंपनीचा बेस. एक दिवसाआड चार जणांची पार्टी रॉकेल आणि रेशन पाठीवर घेऊन वर जायची. वाटेत एक नाला आडवा यायचा. त्याच्या डोक्यावर सरळ उतार होता. सुभेदारसाहेबांची स्टँडिंग ऑर्डर अशी होती : ताजा बर्फ पडला असेल तर उतारावर ऊन यायच्या आत नाला ओलांडायचा. एकेकाने.

पहिल्या बर्फाच्या वेळी डोमाने मूठभर बर्फ तोंडात टाकला होता.

"नाईक, हे पाणीच हाय ना?"

"पाणीच."

"मंग याच्यात एक बी मासा काऊन नाई?"

बाकीच्यांना हिंदीत सांगितल्यावर तेही हसले. पुढे रोज कोणी ना कोणी त्याला विचारायचं, "डोमा, मछली मिली?" तो म्हणायचा, "जाल छोटा है."

त्या दिवशी पार्टी माझी होती. नाला वेळेत गाठला. मी पुढे, माझ्यामागे दोघे, शेवटी डोमा. त्याच्या पाठीवर रॉकेलचा टिन बांधलेला. आम्ही तिघे पार झालो. डोमा मधोमध असताना वरून बर्फ सुटला. आवाज फार मोठा नव्हता. पोतं फाटून धान्य घरंगळावं तसा. मी वळून पाहिलं तेव्हा नाला भरला होता आणि डोमा नव्हता.

आम्ही खणायला लागलो. दोन फावडी आणि हात. वायरलेसवर मी रिपोर्ट दिला. दीड तास खणलं असेल. माझा ढीग इतरांपासून थोडा खाली होता. तिथे मला आवाज आला. पत्र्यावर ठोकल्यासारखा. दोनदा, मग थांबून एकदा. मी वर पाहिलं. बाकीचे दोघे खणत होते, त्यांनी काही ऐकलं नव्हतं. उतारावर ऊन आलं होतं.

वायरलेस बोलला. सुभेदारसाहेब पिकेटवरून दुर्बिणीने पाहत होते.

"ऊपर दरार दिख रही है. कोई निशान मिला? ओवर."

मी म्हणालो, "कोई निशान नहीं. ओवर."

"पार्टी वापस लो. आउट."

आम्ही निघालो. दुपारी वरून बर्फाचा दुसरा कडा सुटला आणि आम्ही खणत होतो बरोबर त्याच जागी बसला. सुभेदारसाहेबांचा हुकूम बरोबर होता. माझा जबाब बरोबर नव्हता. मला दोन जवानांची काळजी होती असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी स्वतः घाबरलो होतो.

बर्फ वितळायच्या आधीच आमची पलटण तिथून बदलली. डोमाचं पुढे काय सापडलं ते मला कळलं नाही. घरी तार गेली होती, त्यात एवढंच होतं की मृतदेह मिळाला नाही.

त्या हिवाळ्यात बर्फात गाडल्या गेलेल्या जवानांच्या बातम्या पेपरात येत होत्या. आमच्या भागातल्या शाळांनी पोरांकडून मदत गोळा केली. पुढच्या दिवाळीला मी रजेवर आलो, तर वरोऱ्याच्या बाजारात लोक मला थांबवून विचारायचे. तिथल्या एका कापडदुकानाच्या सेठने मला गादीवर बसवून चहा पाजला.

"नाईकसाब, थंडी का माल आया है. मी बाहेरच्या काचेत हिमालय करून राह्यलो. तुमी फक्त सांगा, कसं होतं ते."

सेठ वाईट माणूस नव्हता. शाळेच्या निधीत त्याने सर्वांच्या आधी पैसे टाकले होते. मी सांगितलं. जिनिंगमधून कापूस आला, खोक्यांवर पसरला, डोंगर झाला. लाकडी पुतळ्याला माझा ग्रेटकोट चढवला. पुतळ्याच्या हातावर गिरणीचं ब्लँकेट. दुकानात तेव्हा गर्दी होती. सेठने विचारलं, "तो आपला जवान शेवटी मिळाला का?" पंधरावीस जण माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी म्हणालो, "मिळाला. तीन दिवस शोधलं आम्ही."

पेंटरने ते पाटीवर मोठ्या अक्षरांत रंगवलं. आपल्या जिल्ह्याचा वीर डोमा, साथीदारांनी तीन दिवस बर्फ खणून त्याला बाहेर काढलं, तिरंग्यात निरोप दिला. त्याच्याखाली, अस्सल लोकरी ब्लँकेट आणि स्वेटर येथे मिळतील. सेठने माझ्या बायकोसाठी एक ब्लँकेट दिलं. मी घेतलं.

आठवड्याने दुकानातला नोकर मला बोलवायला आला. काचेसमोर एक म्हातारा सकाळपासून उभा होता. डोमाचा बाप, बुधाजी. मासळीच्या एका व्यापाऱ्याकडून त्याला पाटीवर काय लिहिलं आहे ते कळलं होतं. बैलगाडीने, पायी, मग रेल्वेने तो दोन दिवस प्रवास करत आला होता.

मी रामराम केला. "बुधाजीभाऊ, मी डोमाचा नाईक."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग काचेकडे हात केला. "याच्यात माहा डोमा कुठी हाय?"

सेठने स्वतः काचेचं दार उघडलं. बुधाजीने वहाणा बाहेर काढल्या आणि आत चढला. मी जागा दाखवली, पुतळ्याच्या थोडं खाली. तो गुडघ्यांवर बसला. कापसात कोपरापर्यंत हात घातला, वर काढला, पुन्हा घातला.

"हलकं हाय की हे," तो म्हणाला. "याच्यातून माणूस काऊन निंगत नाई?"

बाहेर लोक काचेला चिकटून पाहत होते.

"खरा बर्फ जड असतो, भाऊ."

"कितीक जड?"

"ओल्या रेतीसारखा."

ते त्याला कळलं. त्याने मूठभर कापूस दाबून पाहिला.

"नदीत कोनी बुडलं की आमाले बोलावतेत. रेतीत दबला असन तर आमी बांबूनं टोचून टोचून पायतो. सापडेपावतर नदी सोडत नाई. मी सात गावचे लोकं काढले. तुमच्याजवळ बांबू होते?"

"होते." बांबू नव्हते.

"तार आली तवा मास्तरनं वाचून सांगतलं, सापडला नाई. इथी लिवलं हाय सापडला. नाईक, खरं कोन्तं?"

सेठ माझ्याकडे पाहत होता. पाटी माझ्या डोक्याच्या वर होती. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"सापडला," मी म्हणालो.

"तोंड पायलं?"

"पाहिलं."

"कसं होतं?"

"झोपल्यासारखं."

"अस्थी?"

"तिथल्याच नदीत सोडल्या."

"वायती हाय ना नदी? का डबकं?"

"वाहती आहे."

"मंग झालं," बुधाजी म्हणाला. "डोमाची माय रोज त्याची ताटली वाढते. म्हनते, सापडला नाई म्हनजे हाय कुठीतरी. आता तिले सांगतो."

सेठच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने घडीचं नवं ब्लँकेट काढून बुधाजीपुढे धरलं. बुधाजीने हात पुढे केला नाही. मागून कोणी म्हणालं, "घे ना बुढ्या, फुकट भेटून राह्यलं."

"आमच्याकडे एवढी थंडी नाई पडत, सेठ," बुधाजी म्हणाला. अंगाला चिकटलेला कापूस त्याने एकेक करून वेचला आणि परत डोंगरावर ठेवला. मग वहाणा घालून स्टेशनकडे गेला.

ती सजावट संक्रांतीपर्यंत राहिली. सगळी ब्लँकेटं विकली गेली. गावी बुधाजीने डोमाचं दिवसकार्य केलं असं नंतर कळलं. डोमाची आई त्या दिवसापासून ताटली वाढायची थांबली. नवराबायको दोघेही पुढे वारले. मी त्यांच्या गावी कधी गेलो नाही.

हे आता लिहितो आहे, कारण गेल्या महिन्यात चंद्रपूरच्या एका मोठ्या दुकानाचा तरुण मालक माझ्याकडे आला होता. त्याला सणाच्या सेलसाठी काचेत शहीद जवानांचा देखावा करायचा होता. माझी मेडल्स आणि फोटो हवे होते. बोलायला नम्र होता. "आजोबा, लोकांना प्रेरणा मिळते. आणि आम्ही काही टक्के जवानांच्या निधीला देतो," म्हणाला. मी त्याला विचारलं, यातल्या कोणाच्या घरी जाऊन आलास? तो म्हणाला, फोटो पेपरमधून घेतले आहेत.

मी नाही म्हटलं. कारण त्या वेळी नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे सांगतो. त्याचा हेतू चांगला असेल. वरोऱ्याच्या सेठचाही होता. पण माल विकायच्या काचेत मेलेला माणूस ठेवला की तो बघवेल असा ठेवावा लागतो. बर्फ पांढरा लागतो, हलका लागतो. माणूस सापडलेला लागतो, तोंड झोपल्यासारखं लागतं. जो सापडला नाही, ज्याचा आवाज ऐकून कोणी गप्प बसलं, त्याच्या शेजारी कोणाला ब्लँकेट घ्यावंसं वाटणार नाही. आणि एकदा ते रंगवून टांगलं की त्याच्या बापाला त्याच पाटीखाली उभं राहून विचारावं लागतं. पाटी खोटी आहे असं म्हणायची हिंमत माझ्यासारख्याला होत नाही.

मी खरं सांगितलं असतं तर त्या आईने मरेपर्यंत ताटली वाढली असती, असं कोणी मला म्हणेल. मीही म्हटलं आहे. तसं म्हणून मला झोप आलेली नाही. पत्र्याचा तो आवाज अजून येतो, दिवसाढवळ्या, भांडी घासताना सुनेच्या हातून काही पडलं तरी.

तेव्हा डोमाच्या मागे उरलेल्या त्याच्या बहिणीच्या मुलांसाठी, आणि वरोऱ्यात ती पाटी वाचलेले कोणी उरले असतील तर त्यांच्यासाठी, लिहून ठेवतो. डोमा सापडला नाही. आम्ही त्याला दीड तास शोधलं. तो तेव्हा जिवंत असावा. ते मला एकट्याला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही.

शिपाई डोमा चोवीस वर्षांचा होता. काश्मीरला जाण्याआधी ट्रेनिंग सेंटरच्या तलावात सेक्शनमधल्या सगळ्यांना पोहायला त्यानेच शिकवलं. मी नाईक असून पाण्याला भीत होतो. तो माझ्या पोटाखाली हात धरून चालायचा. मी ओरडायचो, सोडू नको. तो म्हणायचा, "नाई सोडत, नाईक. तुमी पाय मारा."