स्टॉकची बाटली

"त्या सिल्व्हर नायट्रेटमध्ये मी आणखी खडे टाकलेत. आता दहा टक्के झालंय. लेबल तेवढं बदलून घ्या," सर्जन जाता जाता म्हणाले.

 त्याच बाटलीतून थोड्या वेळापूर्वी मी बाळंतिणींच्या वॉर्डला औषध भरून दिलं होतं.

साठच्या दशकातली गोष्ट. अमरावतीच्या एका दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. मूल जन्मलं की त्याच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे, जंतूंनी डोळे जाऊ नयेत म्हणून. ते एक टक्काच हवं. दहा टक्क्यांनी सर्जन जखमेवरचं वाढलेलं मांस जाळतात. दिसायला दोन्ही पाण्यासारखीच.

नियम असा, की स्टॉकची, म्हणजे एक टक्क्याच्या तयार औषधाची मूळ बाटली कपाटाबाहेर काढायची नाही. लागेल तेवढं ओतून द्यायचं. सकाळी खिडकीवर गर्दी होती. सर्जननी औषध मागवलं, तेव्हा मी आळस केला आणि अख्खी बाटलीच त्यांच्याकडे पाठवली. परत आली तशी जागेवर ठेवली. माझी नात कम्प्युटरवरचे खेळ तयार करते. ती सांगते, एखादा राक्षस फंक्शनकडे, म्हणजे नेमून दिलेलं काम करणाऱ्या तुकड्याकडे पाठवला, की बरेचदा त्याची नक्कल जात नाही, मूळ राक्षसच जातो. तिथे त्याची ताकद बदलली की सगळ्या खेळात बदलते. अगदी माझी बाटली! फक्त तिच्याकडे चूक झाली तर फार तर राक्षस मरतो.

मी धावत वॉर्डात पोचलो. गंगूबाई दाई वलगावच्या एका बाईची मुलगी मांडीवर घेऊन बसली होती.

"मावशी, थेंब टाकले का?"

"एका डोयात टाकले. दुसऱ्यात टाकूनच राहिली. काहून?"

"थांबा! हात लावू नका! मिठाचं पाणी आणा, लवकर!"

मिठाशी गाठ पडली की ते औषध निकामी होतं. आम्ही डोळा धूत राहिलो. पोर किंचाळत होती. 

सर्जनना सगळं सांगितलं. त्यांचाही चेहरा उतरला. "बुबुळावर फूल, म्हणजे पांढरा डाग पडला तर डोळा गेला. सूज उतरेपर्यंत काही सांगता येत नाही," ते म्हणाले.

तीन दिवस पापणी उघडली नाही. मी रोज वॉर्डाच्या दारापर्यंत जायचो आणि आत जायला घाबरायचो.  चौथ्या दिवशी सर्जननी टॉर्च मारला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "साफ आहे."



मुलीच्या आईनं हात जोडले. "भाऊ, तुमी धावत नसते आले तं माह्या पोरीचा डोया गेला असता."

 बाटली कुणी बाहेर दिली होती, ते सांगायची मला हिंमत झाली नाही.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत स्टॉकची बाटली कपाटाबाहेर गेली नाही. मागायला खुद्द मोठे साहेब आले, तरी मी ओतूनच दिलं.