नायट्रोजनपुढचा ऑक्सिजन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, क्लासमधल्या सहकाऱ्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगते.

नव्वदच्या दशकात डोंबिवलीत माझा बारावी सायन्सचा क्लास होता. उत्तम क्लास होता, हे म्हणताना मी आजही लाजत नाही. वेळेवर सुरू, वेळेवर बंद, पोर्शन दिवाळीआधी पूर्ण. मी मूळची गणिताची. केमिस्ट्रीचे सर मध्येच सोडून गेले तेव्हा तो विषयही मीच उचलला — आणि मुलं म्हणायची, मॅडमची केमिस्ट्री विसरूच शकत नाही. कशी विसरतील? आवर्तसारणीवर मी दोन बाण काढायचे. आयनीकरण ऊर्जा, म्हणजे अणूतून इलेक्ट्रॉन ओढून काढायला लागणारी ऊर्जा, डावीकडून उजवीकडे वाढते, वरून खाली घटते. संपलं.

वैशाली आंबिवलीहून यायची. फार्मसीला जायचं म्हणून झटत होती. तिने एकदा गाइडातला तक्ता दाखवला. नायट्रोजनपुढे ऑक्सिजन, पण आकडा कमी.

"मॅडम, इथे बाण उलटा का?"

बोरॉनचा आकडा त्याच्या आधीच्या बेरिलियमपेक्षा कमी का, हे विचारलं असतं तर सांगितलं असतं. हे मला माहीत नव्हतं. उद्या सांगते, एवढंच म्हणायचं होतं ना? छपाईची चूक आहे, म्हणाले, आणि सगळ्या वर्गाला लाल पेनाने ते दोन आकडे अदलाबदल करायला लावले. आमच्याकडे पद्धतच होती ती. गाइडात चुका असायच्याच, आणि त्या पकडण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

संध्याकाळी घरी जुनं पुस्तक काढलं. नायट्रोजनचं बाहेरचं उपकवच बरोबर अर्धं भरलेलं, म्हणून तो इलेक्ट्रॉन सहज सोडत नाही. तक्ता बरोबर होता. दुसऱ्या दिवशी वर्गात गेले — आणि पुढचा धडा घेतला.

बोर्डाच्या पेपरात नेमकं तेच आलं: ऑक्सिजनची आयनीकरण ऊर्जा नायट्रोजनपेक्षा कमी का, कारण द्या. पोरं सेंटरवरून हसतच आली. मॅडम, बोर्डाने पण गाइडच कॉपी केलंय. वैशाली तर उत्तरात लिहून आली होती — प्रश्न चुकीचा आहे. आणि मी? बोर्डाला पत्र लिहिते, म्हणाले, सगळ्यांना मार्क मिळतील.

पत्र कसलं लिहिणार?

वैशालीची फार्मसी थोडक्यात हुकली. बीएस्सीला नाव घालून ती पेढे द्यायला आली. रागावलेली नव्हती — उलट मलाच समजावत होती.

"तुमचं पत्र पोचलंच नसेल, मॅडम."

"नसेल," मी म्हणाले, आणि पेढा घेतला.